स्वयंपाकघरातील कपाटे स्वतः रंगवताना

कापडाच्या धंद्यातील माणसाने रंगकामावर लिहावे, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु स्वयंपाकघरातील कपाटे आम्ही एकदा नव्हे, तीनदा रंगवली. त्यापैकी पहिल्या वेळी पैसा वाया गेला, दुसऱ्या वेळी त्याहून मोठे संकट घरात आले, आणि तिसऱ्या वेळी काम नीट झाले. हा तजुर्बा वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून येथे देत आहोत. रंगारी व सुतार बांधवांनी तो मुद्दाम वाचावा, कारण यातील एक गोष्ट त्यांच्या रोजच्या श्वासाशी संबंधित आहे.

आमचे घर मालेगावातील जुन्या वस्तीत आहे. स्वयंपाकघरातील ओट्याखालची कपाटे आणि भिंतीतील फडताळ हे १९८४ साली आमच्या वालिदसाहेबांनी सुतार बसवून करून घेतले. लाकूड चांगले होते, अजूनही चांगले आहे. त्या वेळी त्यांवर हिरवा ऑइल पेंट दिला होता. पुढे पिवळा आला, त्यावर क्रीम रंग आला. म्हणजे एकावर एक असे तीन थर, आणि प्रत्येक थराच्या मधे फोडणीचे तेल व धुराची काजळी. बहुतेक जुन्या घरांत हीच स्थिती आहे. लाकूड शाबूत, बिजागऱ्या शाबूत, फक्त रंग गेलेला. अशा वेळी नवे फर्निचर करणे म्हणजे मळलेला सदरा धुण्याऐवजी फेकून देणे होय.

पहिली चूक

२०१४ साली घरात लग्नकार्य होते. पाहुणे येणार म्हणून घाईने कपाटांना रंग द्यायचे ठरले. आम्ही दोन डबे ऑइल पेंट आणला, कपाटे ओल्या फडक्याने पुसली, आणि मुलांना हाताशी घेऊन दोन दिवसांत काम उरकले. लग्नात सर्वांनी तारीफ केली. पावसाळा सरता सरता शेगडीजवळच्या दारांवरचा रंग फुगू लागला, आणि पुढे नखाने ओढला तरी कागदासारखा निघू लागला. आमची मोठी सून त्या वेळी नवी होती. ती एक दिवस बोटभर लांबीची पट्टी हातात धरून आली आणि म्हणाली, “अब्बा, दार उघडायला गेले तर रंगच हातात आला.”

आम्ही दुकानदाराला दोष दिला. रंग हलका दिला म्हणालो. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा आपलीच शरम वाटली, कारण ही चूक आमच्या स्वतःच्या धंद्यातील माणसाने करू नये अशी होती. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात सायझिंगची खळ असते, कापसाचा मूळचा मेणचटपणा असतो, मागाच्या तेलाचे डाग असतात. ते काढल्याशिवाय कोणताही प्रोसेसवाला कापड रंगात बुडवत नाही. बुडवले तर रंग पट्ट्यापट्ट्यांनी बसतो किंवा बसतच नाही. खळ निघाली की नाही हे पाहण्याची जुनी पद्धत अशी की कापडावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब लगेच शोषला गेला तर कापड रंगास तयार. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर पुन्हा धुवा.

स्वयंपाकघरातील कपाटाची हीच गोष्ट आहे. फोडणीच्या तेलाची वाफ वर्षानुवर्षे दारांवर बसते आणि हवेने व उष्णतेने घट्ट होऊन तिचा चिकट राप तयार होतो. ओल्या फडक्याने तो निघत नाही, फक्त पसरतो. त्यावर दिलेला रंग लाकडाला नव्हे, तेलाला चिकटतो. मग तो कितीही महाग असला तरी निघणारच.

दुसरी चूक

ही चूक सांगताना अजूनही मन खट्टू होते, पण तीच खरी सांगण्यासारखी आहे.

२०२२ साली आम्ही पुन्हा काम हाती घेतले. या वेळी ठरवले की सगळा जुना रंग मुळापासून खरवडून काढायचा, लाकूड उघडे करायचे. बाजारातून खरखरीत पॉलिश पेपर आणला, एक घासण्याचे यंत्र भाड्याने आणले आणि स्वयंपाकघरालगतच्या अंगणात दारे घासायला सुरुवात केली. तीन-चार दिवस घरभर बारीक धूळ होती. हिरवट, पिवळसर. संध्याकाळी झाडूने झाडायचो, सकाळी पुन्हा तितकीच. त्या वेळी आमचा नातू चौदा महिन्यांचा होता. तो रांगत असे, भिंतीला धरून चालत असे, आणि त्या वयाच्या प्रत्येक मुलाप्रमाणे हात तोंडात घालत असे.

पुढे महिन्याभराने त्याला खोकल्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरसाहेबांनी बोलता बोलता विचारले, घरात काही काम चालू आहे काय? आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले की जुना रंग काढून कपाटे नवी करतो आहोत. त्यांचा चेहरा बदलला. “शेठ, रंग किती जुना? कोणता?” आम्ही सांगितले, १९८४ चा हिरवा, त्यावर पिवळा. त्यांनी नातवाच्या रक्तातील शिशाची तपासणी लिहून दिली. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला. अहवाल आला तो सातच्या वर, म्हणजे रक्ताच्या दर शंभर मिलिलीटरमागे सात मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे.

जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शन असे आहे की हा आकडा पाच किंवा त्याहून अधिक आला तर शिसे कोठून येते ते शोधून ते बंद करावे. अमुक इतके शिसे शरीरात गेले तर चालते, अशी सुरक्षित मर्यादाच नाही, असेही ती संघटना सांगते. शिसे लहान मुलाच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करते, शिकण्याची ताकद कमी करते, आणि बहुधा वरून काहीच दिसत नाही. ताप नाही, पुरळ नाही. आमच्या नातवाला त्याच्या खोकल्याव्यतिरिक्त काहीच झालेले दिसत नव्हते.

डॉक्टरसाहेबांनी शिशासाठी औषध दिले नाही. ते औषध मुलांना पंचेचाळीसच्या पुढे आकडा गेला तर देतात. त्यांनी सांगितले की धूळ बंद करा, लोह आणि कॅल्शियम असलेला आहार द्या, हात वरचेवर धुवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. सून व नातू तिच्या माहेरी गेले. आम्ही, आमचे दोन मुलगे आणि घरातील सर्व मंडळींनी घर ओल्या फडक्यांनी पुसून काढले. फरशी, खिडक्यांच्या पट्ट्या, पंख्याची पाती, खेळणी, सगळे. तीन महिन्यांनी आकडा चारच्या खाली आला. त्या तीन महिन्यांत दुकानात बसून आम्ही काय हिशोब लिहिला असेल तो असेल.

शिसे रंगात आले कोठून?

हे थोडे समजून घेणे जरूर आहे. जुन्या काळी तैलरंगात शिशाची संयुगे मुद्दाम घालत. रंग लवकर वाळतो, ओल सोसतो आणि चमकदार दिसतो. क्रोम यलो नावाचा जो भडक पिवळा रंग आहे तो शिशाचाच. त्यात निळा मिसळून जो हिरवा होतो त्यातही शिसे आले. नारिंगी छटाही त्याच घराण्यातील. लोखंडाला अस्तर म्हणून पूर्वी शेंदूर लावत, तो शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग. म्हणून जुन्या पिवळ्या, हिरव्या आणि नारिंगी रंगांवर जास्त संशय घ्यावा. पांढऱ्यालाही निर्दोष समजू नये, कारण सफेदा म्हणून एकेकाळी शिशाचा सफेदा वापरत असत.

अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ सालीच बंदी आली. आपल्या देशात केंद्र सरकारने २०१६ साली नियम काढले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांनुसार घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांमागे नव्वद भागांहून अधिक शिसे चालत नाही, आणि डब्यावर तसे लिहावे लागते. तेव्हा आमचा साधा नियम असा आहे की २०१७ पूर्वीचा ऑइल पेंट म्हणजे शिशाचा, असे धरूनच चालावे. एखादा डबा चांगला असेलही, पण जुन्या दारावर तो लिहून ठेवलेला नसतो. आणि नवा रंग घेताना बिल घ्यावे, लेबल वाचावे. लेबल नसलेला सुटा रंग दहा रुपये कमी भावात मिळतो म्हणून घेऊ नये.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दारावर घट्ट बसलेला रंग त्रास देत नाही. त्रास देते ती त्याची कोरडी धूळ, त्याचे निघणारे पापुद्रे, आणि तो जाळला असता निघणारा धूर. म्हणूनच ब्लो लॅम्पने किंवा गरम हवेच्या यंत्राने जुना रंग फुगवून काढण्याची जी पद्धत आहे ती घरात मुळीच वापरू नये. रंगारी बांधवांपैकी कित्येकांनी उस्तादांकडून हीच पद्धत शिकली आहे. ते दिवसभर जुनी दारे-खिडक्या कोरडी घासतात, त्याच हातांनी भाकरी खातात, त्याच कपड्यांनी घरी जाऊन मुलांना उचलून घेतात. आमच्या घरात ही धूळ चार दिवस होती. त्यांच्या घरात ती वर्षभर जाते.

काम कसे करावे

आता तिसऱ्या वेळचे काम सांगतो. ते २०२३ च्या हिवाळ्यात, डिसेंबरात केले आणि आजही टिकून आहे.

सर्वप्रथम हे पाहावे की दार कशाचे आहे. लाकूड किंवा प्लायवुडवर आधीचा ऑइल पेंट असेल तर हे काम करता येते. सनमायका लावलेली दारे गुळगुळीत असतात आणि त्यांवर साधा रंग धरत नाही. त्यासाठी वेगळे पकड धरणारे प्रायमर मिळते, परंतु आमच्या मते सनमायका चांगला असेल तर त्याला हात लावू नये. भुशाच्या बोर्डाची दारे पाण्याने फुगतात, त्यांना धुणे सोसत नाही. आणि लाकडातून बारीक पिठासारखा भुगा पडत असेल तर आधी किडीचा बंदोबस्त, मग रंग.

त्यानंतर रंगाची स्थिती पाहावी. जुना रंग बहुतेक ठिकाणी घट्ट असेल तर तो मुळापासून काढण्याचा हट्ट सोडावा. आमची दुसरी चूक तीच होती. घट्ट रंगाची फक्त चमक मारायची आणि नव्या रंगाखाली तो बंद करून टाकायचा. जर दारभर पापुद्रे सुटले असतील, तर ते दार बदलून नवे करणे हेच शहाणपणाचे. अकरा दारांपैकी आम्ही शेगडीजवळची दोन बदलली.

घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल तर तेवढे दिवस त्यांना दुसरीकडे पाठवावे. ही गोष्ट पाहुणचार म्हणून नव्हे, कामाचा पहिला टप्पा म्हणून करावी.

दारे बिजागऱ्यांसह काढावीत. प्रत्येक दाराच्या बिजागरीखालच्या जागेवर, जेथे रंग लागणार नाही तेथे, आकडा टाकावा आणि तोच आकडा चौकटीवरही टाकावा. स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत बांधावेत. हे फार क्षुल्लक वाटते, पण जुनी सुतारी हाताची असते आणि कोणतेही दोन दरवाजे अगदी सारखे नसतात.

मग धुणे. येथेच सगळ्या कामाचा जीव आहे. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवावा, हातात रबरी मोजे घालावेत आणि नारळाच्या काथ्याने नव्हे, मऊ ब्रशने दारे चोळावीत. पाणी तपकिरी होऊन ओघळू लागते, तेव्हा कळते की आपण इतके दिवस काय घेऊन बसलो होतो. शेगडीच्या वरच्या दारांना तीनदा धुवावे लागते. मुठीभोवतीची जागा विसरू नये, कारण तेथे हाताचे तेल असते. त्यानंतर साध्या पाण्याने दोनदा पुसावे, सोडा मागे राहिला तर तोही रंगाला नडतो. शेवटी थेंबाची परीक्षा घ्यावी. दारावर पाणी शिंपडले असता ते सारखे पसरले पाहिजे. गोळ्या होऊन उभे राहिले तर तेल अजून आहे. पुन्हा धुवा. उघड्या लाकडावर मात्र पाण्याचा मारा करू नये.

पुसण्याच्या फडक्याविषयी आमच्या धंद्याचे म्हणून दोन शब्द. नवे सुती कापड वापरू नये, त्यात खळ असते आणि तंतू सुटतात. पॉलिएस्टर पाणी पीत नाही. अनेकदा धुतलेली जुनी होजिअरी बनियन सर्वांत चांगली. रंग गाळायला मलमल घेण्याची रीत आहे, पण तीही तंतू सोडते. त्यापेक्षा जुनी नायलॉनची ओढणी घ्यावी.

धुतलेली दारे दोन दिवस सावलीत वाऱ्याला वाळवावीत. मग घासणी, आणि ती ओलीच. बाजारात काळा वॉटर पेपर मिळतो, तो पाण्यात बुडवून वापरायचा असतो. १८० नंबरने सुरुवात करावी, ३२० ने संपवावी. शेजारी पाण्याची बादली ठेवावी, पेपर वरचेवर बुडवावा, आणि जो चिखल निघतो तो कोरडा होण्याआधीच फडक्याने टिपून घ्यावा. चमक गेली, बोट फिरवले असता किंचित खरखर लागली की पुरे. खाली जाड प्लास्टिक अंथरावे. काम झाल्यावर ते आतल्या बाजूस गुंडाळून, फडक्यांसह पिशवीत बांधून टाकावे. कोरडा झाडू त्या जागी लागू देऊ नये. आम्ही घासणी घराबाहेर, गच्चीवर केली. नाकाला चांगला, कडेने बसणारा मास्क बांधला. कापडी रुमाल ही धूळ अडवत नाही. घासण्याचे कपडे वेगळे धुतले आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुतले.

खाचखळग्यांत लांबी भरावी. पूर्वीचे कारागीर खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून ती घरीच करीत. आता तयार डबा मिळतो. ती पातळ थराने भरावी, कारण जाड भरली की आतून वाळत नाही आणि पुढे खाली बसते. वाळल्यावर पुन्हा ओला पेपर.

त्यानंतर लाकडाचे प्रायमर, म्हणजे अस्तर. एक हात सगळीकडे, आणि जेथे लाकूड उघडे पडले तेथे व प्लायवुडच्या कडांना दोन हात, कारण कडा फार रंग पितात. रात्रभर वाळू द्यावे.

रंगाचे तीन पातळ हात द्यावेत, दोन जाड नकोत. दारे उभी न ठेवता आडवी ठेवावीत म्हणजे ओघळ येत नाहीत. खाली चार कोपऱ्यांना लहान डबे ठेवले की कडाही रंगवता येतात. एका लिटर रंगात गुळगुळीत पृष्ठभागावर साधारण शंभर चौरस फुटांचा एक हात होतो. टर्पेंटाइन लिटरमागे शंभर मिलिलीटरहून जास्त घालू नये. काही जण पैसे वाचवायला रॉकेल घालत असत, त्याने रंग वाळायला उशीर होतो आणि चमक मरते. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिला तर सुरकुत्या पडतात. म्हणून मधे एक पूर्ण रात्र तरी जाऊ द्यावी. पावसाळ्यात हे काम काढूच नये.

आमच्या गावाची एक वेगळी अडचण आहे. गल्लीत माग चालू असतात आणि हवेत सुताचा कोंडा उडत असतो. पहिल्या दाराला रंग देऊन अंगणात ठेवले तर तासाभरात त्यावर लव उगवल्यासारखी दिसू लागली. मग आम्ही शेवटचे हात शुक्रवारी दिले, कारण त्या दिवशी माग बंद असतात. भिवंडीतील वाचकांनीही हे ध्यानात घ्यावे.

पाण्याचा इनॅमल म्हणून जो नवा रंग आला आहे, त्याचा वास कमी असतो आणि पांढरा रंग त्यात पिवळा पडत नाही. तेलाचा पांढरा रंग बंद कपाटात हमखास पिवळा पडतो. जुन्या ऑइल पेंटवर पाण्याचा रंग देण्यापूर्वी घासणी आणि प्रायमर दोन्ही लागतात. आम्ही आतल्या चौकटींना पाण्याचा आणि बाहेरील दारांना तेलाचा दिला. आतल्या फळ्यांवरील रंग घट्ट होता, तो घासलाच नाही. त्यावर मेणकापड अंथरले.

आगीची गोष्ट

टर्पेंटाइनची वाफ पेटते. स्वयंपाकघरात चौकटी रंगवताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, दिवा-उदबत्ती नको, खिडक्या उघड्या हव्यात. दुसरी गोष्ट आपल्यातील पुष्कळांना माहीत नसते. जवसाचे तेल किंवा ऑइल पेंट लागलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या, तर त्या आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकतात. काडी लागत नाही. कापडाचे गोदाम बाळगणाऱ्याने तर हे भिंतीवर लिहून ठेवावे. अशा चिंध्या बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवाव्यात, कडक झाल्या की मग फेकाव्यात, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

हिशोब

आता व्यापाऱ्याचा प्रश्न, यात वाचले किती? नवी कपाटे करायला आम्हाला सुताराने पंच्याऐंशी हजारांचा अंदाज दिला होता. रंगाऱ्याने उक्ते साडेसात हजार सांगितले. आमचा स्वतःचा खर्च प्रायमर, दोन लिटर रंग, लांबी, टर्पेंटाइन, पेपर, ब्रश, मोजे, मास्क आणि नवे स्क्रू धरून दोन हजार दोनशे ऐंशी रुपये झाला. दोन नव्या दारांचे लाकूड व मजुरी वेगळी. पण सकाळ-संध्याकाळ मिळून अकरा दिवस गेले, आणि त्यातले दोन दिवस दुकान मुलांवर सोडावे लागले. ज्याचा रोजचा गल्ला मोठा आहे त्याने हा हिशोब कागदावर मांडून पाहावा. सीझनच्या दिवसांत दुकान सोडून दारे घासणे हा घाट्याचा सौदा आहे. मंदीत मात्र तो फायद्याचा.

काम रंगाऱ्याला द्यायचे असेल तर ते उक्ते देऊ नये, असे आमचे मत झाले आहे. आम्ही एका रंगारी बांधवांना विचारले की तुम्ही दारे धूत का नाही? ते म्हणाले, “शेठ, उक्त्यात धुणे बसत नाही. गिऱ्हाईक रंगाचे हात मोजते, धुतलेले कोण मोजतो?” त्यांचे म्हणणे खरे आहे. भाव तोडून घेतला की कारागीर जे दिसत नाही तेच कापतो, आणि कापडातही हेच होते. म्हणून रोजाने द्यावे, धुण्याचे आणि ओल्या घासणीचे दोन दिवस वेगळे ठरवावेत, त्यांची मजुरी वेगळी द्यावी आणि वॉटर पेपर व मास्क आपण आणून द्यावेत. कोरडी घासणी करणार नाही असे सांगणारा रंगारी भेटला तर त्याला चार पैसे जास्त द्यावेत. रंगारी बांधवांनीही हे गिऱ्हाइकाला समजावून सांगून त्याची मजुरी मागायला संकोच करू नये. कारण सांगितले तर बहुतेक घरवाले ऐकतात, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

दारे बसवल्यानंतरही सात-आठ दिवस घाई करू नये. रंग वरून वाळलेला वाटला तरी आतून कच्चा असतो. दार चौकटीला टेकले की चिकटते आणि ओढताच टवका निघतो. आम्ही प्रत्येक दारात कागदाची घडी अडकवून ते किंचित उघडे ठेवले होते. उरलेला रंग झाकण घट्ट लावून, डब्यावर तारीख व दाराचे ठिकाण लिहून वरच्या माळ्यावर ठेवला. मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. टवका पडला तर तेवढ्यापुरता तोच रंग कामी येतो.

आमच्या कपाटांना दोन पावसाळे होऊन गेले. शेगडीवरचे एक दार कडेला किंचित पिवळे पडले आहे, बाकी कोठे पापुद्रा नाही. सात आणि आठ नंबरची दारे बसवताना अदलाबदल झाली, ती एकमेकांना घासतात, आणि सून अजून त्याबद्दल बोलते. पुढच्या हिवाळ्यात ती काढून बदलायची आहेत.